सहा चाळीसची फेरी

विद्यापीठात शिकलेली माणसं काम करतात म्हणे. मला विचाराल तर त्यातल्या एकालाही बाण वाचता येत नाही. माझ्या उंचीची पिवळी पाटी असते, तिच्यावर हातभर लांब काळा बाण असतो, खाली 'रस्ता बंद' असं ठळक लिहिलेलं असतं, आणि त्या पाटीला बंपर टेकवून माणूस काच खाली करतो आणि मला विचारतो, "मॅडम, इथून जाता येतं ना?" जाता येत असतं तर मी इथे उन्हात कशाला तापत उभी राहिले असते, असं पूर्वी मी विचारायचे. सव्वादोन वर्षांत तेही सोडून दिलं. आता नुसता हात करते, डावीकडे.

मी पार्किंगची सुपरवायझर. विद्यापीठाच्या मधोमध ग्रंथालयाची नवी इमारत उभी राहणार आहे. अजून तरी उभे आहोत ते खड्ड्याभोवतीचा निळा पत्रा आणि मी. खड्डा खणला तेव्हा आतली तीन पार्किंगं गेली, म्हणजे साडेसहाशे गाड्यांची जागा गेली आणि साडेसहाशे माणसं माझ्यावर कायमची रुसली. मग पाइपलाइनसाठी मागचं गेट बंद झालं, मग केबलसाठी मधला रस्ता. दर वेळी नकाशा मी काढायचा, पाट्या मी लावायच्या आणि ई-मेलही मीच पाठवायचा. तो कोणी वाचत नाही. हे मी अंदाजानं बोलत नाही. एकदा चुकून मी त्यात 'एकतीस जूनपासून रस्ता बंद राहील' असं लिहिलं होतं आणि एकाही विद्वानाचं उत्तर आलं नाही.

गाड्यांची सोय केली ती लांबच्या मैदानात. विद्यापीठाच्या पार टोकाला खेळाचं जुनं मैदान होतं, त्यावर खडी टाकली, चुन्याच्या रेघा मारल्या. तिथून माणसांना आत आणायला तीन मिनीबस दिल्या. कागदावर त्यांचं नाव 'शटल सेवा'. ज्यांना चालायचं असेल त्यांच्यासाठी मी खड्ड्याला वळसा घालून पायवाट आखली आणि तिच्या तोंडाशी पाटी लावली, 'विज्ञान इमारत, पायी चौदा मिनिटं'. ही चौदा मिनिटं मी स्वतः घड्याळ लावून चालले होते. मैदानापासून आत जाणारा दुसरा, जवळचा रस्ता फक्त ट्रकसाठी ठेवला. त्यावर माणसांना सक्त मनाई.

आतले पास पन्नासच होते. पास असला की स्वतःची नाहीतर भाड्याची गाडी थेट इमारतीच्या दाराशी येते, त्यामुळे तो सगळ्यांनाच हवा. एकाची पाठ, दुसऱ्याची सासू, तिसऱ्याची गाडी नवी आणि मैदानात धूळ फार. एका विभागप्रमुखांनी तर अर्जात लिहिलं होतं की चालताना त्यांच्या विचारांची साखळी तुटते. रोज असे दहा-बारा जण माझ्या पत्र्याच्या केबिनमध्ये येऊन डोकं खायचे. शेवटी मी एक वाक्य तयार केलं. "माझी सख्खी बहीण इथे लॅबमध्ये आहे," मी म्हणायचे, "साठीला आलीये, गुडघे गेलेत. तीसुद्धा रिक्षानं मैदानावर उतरते आणि तिथून शटलनंच येते. तिलाही मी पास दिलेला नाही." यावर कोणाचं काही चालायचं नाही. माणूस मुकाट्यानं अर्जाची घडी घालून निघून जायचा. मला ते वाक्य फार आवडायचं. दिवसातून दोनदा-तीनदा तरी म्हणून घ्यायचे.

आणि ते खोटं नव्हतं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये परिचर. नळ्या, चंचुपात्रं धुवायची, आम्लं पातळ करून बाटल्या भरायच्या, चाळीस मुलांचं सामान चाळीस जागी मांडून ठेवायचं. चौतीस वर्षं हेच. मे महिन्यात ती निवृत्त होणार होती. डॉक्टरांनी दिवाणखान्यातल्या जुन्या खुर्चीकडे बघावं तसं तिच्या उजव्या गुडघ्याकडे बघितलं होतं आणि सांगितलं होतं की ऑपरेशन करावं लागेल, तोपर्यंत चालणं कमी. ताईनं त्यांना मे महिना सांगून टाकला. एप्रिलमध्ये वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षा असते. चौतीस वर्षांत एकाही परीक्षेला ती गैरहजर राहिलेली नाही. शेवटची परीक्षा पार पाडायची, लॅब धुऊन पुसून चाव्या स्वतःच्या हातानं द्यायच्या आणि मग गुडघ्याचं काय करायचं ते करा, असं तिच्या मनानं घेतलं होतं. दुसरं तिला काही नको होतं. "एप्रिलपर्यंत पाय चालू दे," एवढंच ती म्हणायची, आणि तेही माझ्याशी नाही, पायाशीच.

आम्ही दोघी दोन खोल्यांत राहतो. तिनं लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही, म्हणून बावीस वर्षं एकत्र. घरात एक नियम आहे, तो माझाच. विद्यापीठ बुटांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचं. नाहीतर मी रात्री जेवतानाही ट्रक वळवत बसले असते. संध्याकाळी दोन बादल्यांत गरम पाणी आणि मीठ टाकून आम्ही समोरासमोर पाय बुडवून बसायचो. ती माझ्या पायांकडे बघून म्हणायची, "ठमे, टाचा बघ कशा झाल्यात." एकावन्न वर्षांच्या बाईला ठमी म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलंय. मी तिच्या गुडघ्याकडे बघून म्हणायचे, "सूज वाढलीये का गं?" ती म्हणायची, "आहे तेवढीच आहे." मी दमलेली असायचे. मी ते खरं मानायचे, कारण खरं मानणं सोपं होतं.

जानेवारीत बांधकाम समितीची बैठक झाली. समितीचे अध्यक्ष म्हणाले की तीनपैकी एक मिनीबस बांधकामाच्या माणसांसाठी हवी आहे, तुम्ही फेऱ्या कमी करा. मी म्हटलं, करते. दर फेरीला किती माणसं चढली याच्या काड्या मारून ठेवायला मी ड्रायव्हरांना सांगितलेलं होतंच. ते तक्ते घेऊन बसले. साडेसातच्या फेरीला चौदा, आठच्या फेरीला बावीस, उभ्यानं. आणि सकाळी सहा चाळीसच्या पहिल्या फेरीला एक. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी एक. तीन आठवडे, रोज, एकच काडी. मला मनापासून राग आला. एका माणसासाठी आख्खी गाडी मैदानापर्यंत जाते आणि येते, आणि आठ वाजता बावीस माणसं एकमेकांच्या पायावर उभी राहतात. मी त्या ओळीवर लाल रेघ मारली. खाली सही केली.

पहिल्या फेरीचा ड्रायव्हर म्हणजे मामा. सगळं विद्यापीठ त्यांना मामा म्हणतं. कागद हातात घेऊन ते केबिनच्या दारात उभे राहिले.

"मॅडम, ही सहा चाळीसची जी सवारी आहे ना..."

"मामा, आकडा सांगा. गोष्ट नको."

"आकडा एकच आहे. पण ती बाई..."

"एकच आहे ना? मग झालं. मामा, प्रत्येक सवारीला काहीतरी गोष्ट असतेच. मी गोष्टी ऐकत बसले तर खड्ड्यापर्यंत गाड्यांची रांग लागेल."

मामांनी कागद खिशात घातला. जाताना दाराशी जरा थांबले, पण मी फोन उचलला होता. नियम चांगलाच होता तसा. गोष्टी ऐकायच्या नाहीत असं ठरवलं नसतं तर मी पहिल्याच वर्षी वेडी झाले असते. असो.

त्यानंतर सहा आठवड्यांनी क्रेनचा ट्रेलर यायचा होता. क्रेनचे लांबलचक भाग त्यावर बांधून आणायचे, आणि सातच्या आत तो पत्र्याच्या आड गेला पाहिजे, नाहीतर सगळं विद्यापीठ त्याच्यामागे अडकणार. एरवी त्या वेळेला मी मुख्य गेटवर असते. त्या दिवशी मात्र ट्रकच्या रस्त्यावर उभी होते, वॉकीटॉकी घेऊन. साडेसहाला ट्रेलर मैदानातून आत शिरला. त्याच्यापुढे काँक्रीटचा मिक्सर. मी खड्ड्याकडच्या टोकाला वाट बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली, काही येईना.

"कुठे मेलात?" मी वॉकीटॉकीवर विचारलं.

मैदानावरचा चौकीदार म्हणाला, "मिक्सर थांबलाय मॅडम. पुढे कोणीतरी बसलंय."

"बसलंय? रस्त्यात?"

"कडेला. पण जागा अरुंद आहे, ट्रेलर निघत नाही."

माझं डोकं फिरलं. या रस्त्यावर माणूस म्हणून दिसता कामा नये, दोन्ही तोंडांना माझ्या पाट्या आहेत, आणि एक जण तिथे बसलाय. मी तरातरा चालत निघाले. वळणावर मिक्सर दिसला. पाठीवरचं पिंप घरघर फिरत होतं, आणि ड्रायव्हर दार उघडून पायरीवर आरामात बसला होता.

"हॉर्न नाही का तुमच्या गाडीला?" मी विचारलं.

"आहे की. पण वाजवत नाही मी." तो उठून उभा राहिला. "मावशी बसल्यात. दोनच मिनिटं. कळ थांबली की उठतात."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"रोज असतात. तीन ठिकाणी बसतात त्या. इथे, मग पुढे दगडाच्या ढिगावर, आणि मग त्या पत्र्याजवळ. मी एकदा म्हटलं वर बसा, सोडतो, तर त्यांना ही पायरीच चढता येईना."

पुढे रस्त्याच्या कडेला केबलचं मोठं लाकडी रीळ आडवं पडलं होतं. त्यावर एक बाई माझ्याकडे पाठ करून बसली होती. मांडीवर पिशवी, उजवा पाय सरळ रस्त्यात पसरलेला, दोन्ही हातांनी गुडघा चोळत होती. मी आणखी काही बघितलं नाही. बघायची सवयच मोडली आहे माझी, मी जागा बघते, माणूस नाही. मी शिट्टी तोंडात धरली आणि जोरात फुंकली.

बाईनं मान वळवली.

"शिट्टी कशाला वाजवतेस, ठमे?" ताई म्हणाली. "उठतेच आहे."

मागे मिक्सरवाला हसला असावा. मला ते ऐकू आलं आणि आलंही नाही. माझ्या तोंडातली शिट्टी तशीच राहिली. आधी मला रागच आला, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, माझ्याच रस्त्यावर, माझ्याच माणसांसमोर, हिला लाज कशी वाटत नाही. मग तिचा गुडघा दिसला. घरी तो झाकलेला असतो, नाहीतर पाण्यात असतो. इथे कापडावरूनही त्याचा आकार कळत होता.

"तू इथे काय करतेयस?"

"लॅबला चाललेय."

"शटल सोडून?"

"शटल साडेसातला येते. मला सातला लॅब उघडायची असते. आठला मुलं येतात, तासभर तरी मांडायला लागतो." ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली की जणू मी नवीन लागलेली कोणी होते. "आधी दोन दिवस त्या लांबच्या वाटेनं गेले. झेपेना. ही जवळ पडते."

बावीस वर्षं मी या बाईबरोबर एका छताखाली राहतेय, आणि तिची लॅब किती वाजता उघडते हे मला माहीत नव्हतं. मी तिच्याआधी घरातून निघते. ती शटलनं येते एवढं मला माहीत होतं. कुठल्या शटलनं, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या तक्त्यातली रोजची एक काडी कोण होती, ते मला तिथे, त्या रिळासमोर कळलं.

"सहा चाळीसला तू चढायचीस," मी म्हटलं.

"हो."

"एकटी."

"एकटीच. मामा आणि मी. छान गप्पा व्हायच्या."

"ताई, सहा आठवडे. तू मला बोलली का नाहीस? रोज संध्याकाळी समोर बसतेस तू माझ्या."

ती रिळाला हात टेकून उठायला लागली. मी धरायला गेले तर म्हणाली थांब, आणि आधी डावा पाय टेकला, मग पिशवी खांद्याला लावली, मग उजवा पाय ओढून घेतला. हे सगळं ठरलेलं होतं, रोजचं होतं. उभी राहिल्यावर तिनं श्वास सोडला.

"काय बोलणार?" ती म्हणाली. "तू सगळीकडे सांगत फिरतेस, सख्ख्या बहिणीलाही पास नाही म्हणून. आमच्या विभागप्रमुखांना तूच सांगितलंस ना? ते लॅबमध्ये येऊन मला म्हणाले, तुमची बहीण लोखंडाची आहे. बरं वाटलं मला. आणि मग मीच तुझ्याकडे आले असते, की माझ्या एकटीसाठी गाडी चालू ठेव, तर तुझं तोंड कुठे राहिलं असतं?"

"माझ्या तोंडाचं काय घेऊन बसलीस!"

"ओरडू नकोस. माणसं बघतायत. घरी विद्यापीठ आणायचं नाही हाही तुझाच नियम. कुठल्या दारानं सांगायचं होतं तुला?"

मी तिथूनच मामांना फोन लावला. मामा चहा पीत होते. मी म्हटलं, मामा, गाडी घेऊन ट्रकच्या रस्त्यावर या, आत्ता. ते म्हणाले, मॅडम, तिकडे आम्हाला मनाई आहे, तुमचीच पाटी आहे. मी म्हटलं, पाटी गेली खड्ड्यात, या.

मामा आले. उतरले, सरकतं दार उघडलं, आतून एक लाकडी पाट काढून पायरीखाली ठेवला. घरून आणलेला असावा, कारण विद्यापीठाच्या यादीत तो नाही. ताईनं त्यावर पाय ठेवला आणि दांडा धरून वर चढली. कुठे हात ठेवायचा हे दोघांनाही पाठ होतं. मी मागून चढले.

"मी सांगायला आलो होतो मॅडम," मामा आरशात बघून म्हणाले.

"आला होतात."

"तुम्ही म्हणालात..."

"काय म्हणाले ते माझ्या लक्षात आहे, मामा. आता गाडी चालवा."

त्यांनी गाडी सुरू केली. बोचरं बोलायचं होतं त्यांना, त्यांचा हक्कच होता, पण ताईसमोर बोलले नाहीत. ताई खिडकीशी बसली होती, नेहमीच्या जागेवर असावी. बाहेरचा पत्रा, खडी, दगडाचा ढीग मागे जात होते. "इथे मी दुसऱ्यांदा बसते," ती मला बोटानं दाखवत म्हणाली. कोणी आपलं गाव दाखवावं तसं. विज्ञान इमारतीसमोर गाडी थांबली तेव्हा मी सवयीनं घड्याळ बघितलं. चार मिनिटं झाली होती.

"चालत किती वेळ लागतो तुला?" मी विचारलं.

"बरा दिवस असला तर पस्तीस मिनिटं. नाहीतर चाळीस."

माझी पाटी चौदा मिनिटं म्हणते, आणि ती लांबच्या वाटेची. माझ्या पायांची चौदा मिनिटं मी सगळ्या विद्यापीठाला लावली होती.

लॅब तळमजल्यावर आहे, पण दाराला दोन पायऱ्या आहेत. त्या चढून ताईनं कुलूप उघडलं, दिवे लावले, पंखे लावले आणि उंच स्टुलावर बसली. इतकी वर्षं मी या इमारतीच्या बाहेरच्या प्रत्येक फुटाचा हिशेब ठेवला, पण आत कधी आले नव्हते. काळ्या ओट्यांच्या रांगा होत्या, धुतलेल्या नळ्या स्टँडवर उपड्या घातलेल्या होत्या, प्रत्येक बाटलीवर ताईच्या अक्षरातली चिठ्ठी होती. एवढं नीटनेटकं मी काही केलेलं मला आठवत नाही. माझ्या तर पाट्यासुद्धा रात्रीतून जागा बदलतात.

वॉकीटॉकीवर आवाज येत होता. ट्रेलर वळणावर अडकलाय, मॅडम कुठे आहेत, मॅडमना कोणी बघितलंय का. मी आवाज कमी केला.

"उद्यापासून गाडी सुरू," मी म्हटलं. "रोज सहा चाळीसला. बांधकाम समितीला काय सांगायचं ते मी बघते. परीक्षा होईपर्यंत, तू चाव्या देईपर्यंत, मे महिन्यापर्यंत, रोज. कोणी विचारलं तर सांगीन, माझ्या बहिणीसाठी आहे. जा, करा तक्रार."

ताई ओट्यावरच्या नळ्या एकेक करून उजेडात धरून बघत होती. त्यातली एक बाजूला ठेवली, तिला डाग होता.

"मेपर्यंत नको गं," ती म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत पुरे."

"म्हणजे?"

"सोमवारी अर्ज दिला मी. लवकर सोडण्याचा. काल मंजूर झाला." ती माझ्याकडे बघत नव्हती. "गेल्या आठवड्यात माझ्या हातून आम्लाची बाटली सुटली. चालत आल्यावर पाय थरथरत होता, ओट्याला धरायला गेले आणि बाटली गेली. मुलं यायच्या आधी, म्हणून वाचले. मुलं असती तर? परीक्षेला मी अशी उभी राहिले तर एखाद्याच्या अंगावर जायचं. मग म्हटलं, पुरे."

मला खाली बसायचं होतं, पण दुसरं स्टूल जवळ नव्हतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"अर्ज मागे घे. आता गाडी आहे. मी बोलते साहेबांशी."

"गुडघा कोणाशी बोलून मागे घेणार आहेस?"

"ताई, तुला ती परीक्षा हवी होती."

"हवी होती," ती म्हणाली. तिनं ते लपवलं नाही. हातातली नळी तिनं स्टँडवर उपडी घातली. मग म्हणाली, "होती हवी."

मला एक गोष्ट विचारायचीच होती. विचारू नये असंही वाटत होतं.

"अर्जात कारण काय लिहिलंस?"

"वय लिहिलं."

"आणि गाडीचं?"

"गाडीचं कशाला लिहू? त्या कागदाखाली तुझी सही आहे."

मी रडले. मला रडायची सवय नाही आणि जमतही नाही, नाक वाहतं आणि आवाज घोगरा येतो. ताईनं ओट्यावरचं पुसायचं फडकं माझ्याकडे सरकवलं, मग काहीतरी आठवून मागे घेतलं. "याला आम्ल लागलंय," ती म्हणाली आणि पिशवीतून स्वतःचा रुमाल काढून दिला. मी म्हटलं, लिहायला हवं होतंस तू, माझ्यावर शेकलं असतं तर शेकलं असतं, निदान कोणाला तरी कळलं असतं. ती म्हणाली, आता कळलंय की तुला.

साडेसात वाजत आले होते. पंखा फिरत होता आणि अजून चाळीस जागी सामान मांडायचं राहिलं होतं. वरच्या फळीवरच्या नळ्या काढून दे म्हणाली, त्या मी काढून दिल्या. मग ती मला पाठवायला लागली. तुझा ट्रेलर अडकलाय ना, जा, इथे माझ्या पायात येऊ नकोस.

मी दारापर्यंत गेले आणि थांबले.

"महिनाअखेरीला अजून तेरा दिवस आहेत," ताई मागून म्हणाली. "तेरा दिवस गाडीनं येईन की. दारापर्यंत. चैन आहे माझी."

तिनं ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मला बरं वाटलं नाही.